सेलम हळदीचे कूळ आणि आमचे बेणे



ह्या व्याख्यानमालेत काव्य, इतिहास, अध्यात्म असे विषय आपण ऐकत आला आहात. आम्ही हळदीवर बोलणार असे कळल्यावर एका स्नेह्यांनी आम्हांला विचारले, "कोणत्या हळदीवर? लग्नातल्या की फोडणीतल्या?" आम्ही म्हटले, "बेण्याच्या." ते हसले आणि म्हणाले, "मग श्रोते मिळणे कठीण." आज समोर बसलेली मंडळी पाहून त्यांचे भाकीत खोटे ठरले, ह्याचा आम्हांला आनंद आहे. किंबहुना ह्या जिल्ह्यात वसंत ऋतूत बोलायला ह्याहून समयोचित विषय दुसरा नाही. हळद काढून, शिजवून, वाळवून झाली आहे; हिंगोलीच्या आणि वसमतच्या मोंढ्यात पोत्यांच्या थप्प्या लागल्या आहेत; आणि प्रत्येक बागाइतदाराच्या रानात एखाद्या झाडाच्या सावलीला, वाळलेल्या पाल्याखाली, पुढच्या सालाचे बेणे झाकून ठेवले आहे. आमचे सांगणे त्या पाल्याखालच्या ढिगासंबंधी आहे.

हिंगोली हा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्याआधी आमची ओळख औंढ्याचा नागनाथ, नर्सीचे नामदेव आणि हिंगोलीचा दसरा एवढ्यावर भागत असे. पीक म्हणावे तर ज्वारी, कापूस. पूर्णेच्या कालव्याखाली ऊस आणि केळी. हळद होती, पण ती वाफ्यापुरती आणि बांधापुरती. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ती एवढी पसरली की महाराष्ट्रात हळदीचे सर्वाधिक क्षेत्र आज आमच्या जिल्ह्यात आहे. २०२४ मध्ये 'वसमत हळद' ह्या नावाला भौगोलिक मानांकनही मिळाले. वायगावच्या हळदीला ते २०१६ मध्ये आणि सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये मिळाले होते. आमचा नंबर त्यानंतर लागला. असो. परंतु वसमतच्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा, "कोणती हळद लावली?" तो 'वसमत' असे कधीच सांगणार नाही. तो म्हणेल, "सेलम." म्हणजे सून माहेरची तामिळनाडूतील सेलम जिल्ह्याची आणि नाव लागले ते सासरचे. ह्यात कमीपणा काही नाही. पण माहेर विसरू नये.

आता प्रश्न असा उत्पन्न होतो की ही सेलमच का? कालिकतच्या भारतीय मसाला पीक संशोधन संस्थेने 'प्रभा', 'प्रतिभा', 'प्रगती' अशा जाती दिल्या. सांगलीजवळच्या कसबे डिग्रज येथील केंद्राने 'कृष्णा' दिली, पुढे 'फुले स्वरूपा' दिली. ह्यांतील काही जातींत कुरकुमीन अधिक, काही लवकर तयार होणाऱ्या. तरीही आमच्याकडील दहा रानांपैकी बहुतेकांत उभी असते ती जुनी सेलमच. शहरातील विद्वान म्हणतात, शेतकरी परंपरेला चिकटलेला आहे. हे निदान आम्हांला आळशीपणाचे वाटते. ज्या शेतकऱ्याने कापसाचे वाण एका पिढीत चार वेळा बदलले, तो हळदीपुरताच सनातनी कसा झाला? उत्तर शोधायचे तर आधी हळदीचे कूळ पाहिले पाहिजे.

मनुष्याच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. ज्वारी, हरभरा ह्यांचेही साधारण असेच. हळदीत मात्र संच तीन आहेत; एकवीस-एकवीसचे तीन, मिळून ६३. बीज तयार होताना गुणसूत्रांना जोडीने उभे राहून अर्धे-अर्धे वाटून घ्यावे लागते. तिघांची जोडी कशी लावायची? दोघे हात धरतात, तिसरा उघडा पडतो. वाटणी बिघडते आणि बी धरत नाही. योगायोग असा की घोडा व गाढव ह्यांच्यापासून झालेल्या खेचराचीही गुणसूत्रे ६३च भरतात, आणि तेही बहुधा वांझच असते, जरी त्याचे कारण थोडे निराळे आहे. आपल्या आंबेहळदीत ही संख्या ४२ आहे, म्हणजे ते सरळ दोन संचांचे झाड. जुन्या काळी केव्हातरी दोन संचांचे एक आणि चार संचांचे एक अशा दोन रानटी झाडांचा संकर होऊन ही तीन संचांची हळद जन्मली असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे. ती ज्याच्या हाती प्रथम लागली त्याने तिचा रंग पाहिला, कंद मोडून पुन्हा मातीत पुरला, आणि तेव्हापासून ती माणसाच्या हातानेच जगत आली आहे. माणसाने लावणे सोडले तर तिला स्वतःच्या बळावर दूर जाता येणार नाही.

पावसाळ्याच्या अखेरीस हळदीला तुरा येतो. पांढरट-हिरव्या पाकळ्यांसारख्या पानांत पिवळसर फुले असतात. आपल्यापैकी अनेकांनी ती पाहिली असतील. पण तिचे बी किती जणांनी पाहिले? कालिकतच्या शास्त्रज्ञांनी मात्र ते चिकाटीने मिळवले. क्वचित धरणारे बी रुजवून त्या रोपांतून त्यांनी निवड केली आणि 'प्रभा' व 'प्रतिभा' ह्या जाती त्यांतूनच निघाल्या. "पी हळद आणि हो गोरी" अशी आपल्याकडे म्हण आहे. पण हळदीची स्वतःची जात सुधारायची तर असा उतावीळपणा मुळीच चालत नाही.

ह्याचा अर्थ असा की आपण ज्याला बेणे म्हणतो ते बियाणे नव्हे. तो झाडाचाच तुकडा आहे. ज्वारीच्या कणसातील दाणा हे आईबापांचे लेकरू. ते थोडे इकडे, थोडे तिकडे जाते. हळदीचा गड्डा हे लेकरू नव्हे, ती आईच आहे, पुन्हा मातीत निजवलेली. आमच्या रानातील सेलम आणि शेजारच्या रानातील सेलम ह्या बहिणी-बहिणी नसून, सूक्ष्म विचार केला तर, एकच झाड हजारो ठिकाणी उगवले आहे. एखादा डोळा मध्येच थोडा बदलतो आणि नजर असलेला माणूस तो बाजूला काढतो. पण असे क्वचित घडते. ऊस, केळी, द्राक्ष ह्यांचेही असेच. ज्या वनस्पतीचे नावसुद्धा सभेत घेऊ नये असे म्हणतात तिचे उदाहरण येथे उलट बाजूने चांगले समजते. गांजाच्या झाडात नर निराळा, मादी निराळी. बी टाकले की प्रत्येक रोप वेगळ्या गुणाचे निघते. म्हणून ज्या देशांत त्याची लागवड कायदेशीर आहे तेथील लागवडदार एक नामांकित मादी झाड निवडतात आणि तिचे फाटे लावून लावून तोच वाण वर्षानुवर्षे टिकवतात. आपल्याकडे १९८५च्या कायद्याने ती वाट बंद आहे, आणि आम्हांला तिकडे जायचेही नाही. सांगायचे इतकेच की जे त्या लोकांना युक्तीने करावे लागते, ते हळदीत निसर्गानेच करून ठेवले आहे. म्हणून चांगली हळद सापडली की ती चांगलीच राहते. नातवाच्या रानातही तीच येते. जुन्या वाणाच्या टिकण्याचे पहिले कारण हे. तो टिकतो, कारण तो बदलू शकत नाही.

दुसरे कारण बाजाराचे. मोंढ्यात व्यापारी काय पाहतो? मूठभर हळकुंडे घेतो, लांबी पाहतो, जाडी पाहतो, दोन हळकुंडे एकमेकांवर आपटून आवाज ऐकतो, एक मोडून आतला रंग पाहतो, आणि भाव बोलतो. हा सारा व्यवहार दोन मिनिटांचा. सेलमचे हळकुंड ह्या परीक्षेत उतरण्यासाठीच जणू घडलेले आहे: लांब, भरीव, पॉलिश घेणारे, आत गडद. कुरकुमीन डोळ्याला दिसत नाही. ते प्रयोगशाळेत कळते, आणि पोत्यामागे प्रयोगशाळा कोण घेऊन फिरतो? अर्क काढणारे कारखाने टक्केवारी पाहून भाव देतात हे खरे. पण आमच्या मोंढ्यातील बहुतेक पोती अजूनही नजरेने विकली जातात. सेलममध्ये कुरकुमीन चार ते साडेचार टक्के असते, 'फुले स्वरूपा'त पाचच्या वर. ह्या टक्क्याचे दाम पदरात पडणार नसतील तर शेतकऱ्याने जात का बदलावी? शिवाय सेलम उत्पन्नाला कमी नाही. चांगल्या रानात हेक्टरी साडेतीनशे ते चारशे क्विंटल ओली, म्हणजे सत्तर-पंचाहत्तर क्विंटल वाळलेली हळद पडते.

ह्या कुरकुमिनासंबंधी दोन शब्द बोलल्यावाचून पुढे जाता येत नाही, कारण सध्या जगाचे लक्ष आहे ते त्याच्यावर. फोगेल आणि पेलेतिए ह्या दोघांनी १८१५ मध्ये हे पिवळे द्रव्य हळदीतून वेगळे केले; त्याची रचना १९१० मध्ये निश्चित झाली. झाड ते कसे तयार करते, ह्याचा उलगडा जपानी संशोधकांनी २००९ मध्ये केला. त्यासाठी लागणारी विकरे एकामागून एक काम करतात, आणि त्यांचा हुकूम गुणसूत्रांत लिहिलेला आहे. हळदीचा संपूर्ण जनुकसंच मात्र २०२१ मध्ये प्रथम वाचला गेला, आणि तो भोपाळच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण हुकूम असणे निराळे आणि तो किती बजावला जाणे निराळे. एकाच जातीचे एकच बेणे निरनिराळ्या प्रांतांत लावले असता कुरकुमीन सारखे भरत नाही, असा अनुभव शास्त्रज्ञांना वारंवार आला आहे. माती, पाणी, ऊन, काढणीची वेळ ह्या साऱ्यांचा त्यात वाटा असतो. म्हणूनच माहेर सेलम असूनही 'वसमत हळद' ह्या नावाला अर्थ आहे.

येथे एक जुनी हकीकत आठवते. १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, जखमेवर हळद लावण्याच्या उपायाबद्दल तेथील सरकारने पेटंट दिले. आपल्या आज्या-पणज्यांना हे कळते तर त्यांनी डोक्याला हात लावला असता. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा परिषदेचे महासंचालक होते. संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांतले आणि जुन्या नियतकालिकांतले दाखले पुढे मांडले गेले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. ही लढाई ज्ञानाची होती आणि ती जिंकली. पण हळदीच्या बेण्याची लढाई कोण लढतो? तिच्यासाठी परदेशात जावे लागत नाही. ती आमच्याच पाल्याखालच्या ढिगात चालू आहे.

सगळे रान एकाच झाडाचे असले म्हणजे सगळ्या रानाची दुखणीही एकच असतात. १८४५ साली आयर्लंडात बटाट्यावर करपा आला तेव्हा तेथील गरिबांच्या शेतात मुख्यतः एकाच वाणाचा बटाटा होता, तोही कंदानेच वाढवलेला. एक झाड जे सोसू शकले नाही, ते कोणतेच सोसू शकले नाही. केळीचे उदाहरण तर आमच्या कुशीतले आहे. अर्धापूरची केळी येथून दूर नाही, आणि केळही हळदीसारखेच तीन संचांचे, बी न धरणारे. अमेरिकेच्या बाजारात एके काळी 'ग्रो मिशेल' ह्या एकाच केळ्याचे राज्य होते. मातीतून येणाऱ्या मर रोगाने ते असे गेले की १९६०च्या सुमारास व्यापाऱ्यांना दुसरी जात धरावी लागली. ती दुसरी जातही पुन्हा एकच!

आमच्या हळदीला आयर्लंडसारखे अरिष्ट आलेले नाही आणि आम्ही घबराट पसरवायला उभे नाही. पण कंदकूज आहे. पाणी साचलेल्या वाफ्यात ती सुरू होते. पाने कडेने पिवळी पडतात, खोड धरून हळूच ओढले की सुरळी हातात येते, आणि खालचा गड्डा नासलेला निघतो. ही कूज बेण्याबरोबर रानोरान जाते.

हे आम्ही पुस्तकात वाचून सांगत नाही. एका वर्षी भाव चढला. मोंढ्यातला आकडा ऐकून आमची बुद्धी फिरली. बेण्यासाठी राखलेले जेठे गड्डेही आम्ही शिजवून विकून टाकले आणि मनाशी म्हटले, बेणे काय, मेमध्ये विकत घेऊ. घेतले. दिसायला ठीक होते, भावही हलका होता. श्रावणात चार वाफे पिवळे पडले, भाद्रपदात निम्मे रान. ज्याने विकले त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. आम्ही ते मोडून पाहिले नव्हते, वास घेतला नव्हता, कोणत्या रानातले ते विचारले नव्हते. त्या साली आम्ही बांधावर उभे असताना शेजारच्या रानातली आजी आली. तिने एक झाड उपटले, हातातच ठेवले आणि म्हणाली, "मास्तर, दूध इकावं, पन गाय इकू नये बाबा."

"आजी, भावच तसा होता," आम्ही म्हणालो.

"भाव सालाचा असतो. बेनं घरान्याचं असतंय."

आम्ही गप्प राहिलो. त्या आजीची रीत अशी होती. हळद काढायच्या आधीच, झाडे हिरवी असताना, ती रानात फिरून ज्या वाफ्यात एकही पान पिवळे नाही तो वाफा चिंधी बांधून राखायची. त्याच वाफ्यातले जेठे गड्डे बेण्याला घ्यायची. बगल गड्डे आणि हळकुंडे विक्रीला. हल्ली कृषी विद्यापीठे सांगतात की बेणे निरोगी प्लॉटमधून, पन्नास ग्रॅमच्या वरचे, पूर्ण पक्व आणि सुप्तावस्था संपलेले घ्यावे. आजीने वजनकाटा पाहिला नव्हता, पण तिच्या मुठीत पन्नास ग्रॅमच येत होते. आम्हांला वाटते, हळदीत बी धरत नसल्यामुळे जे काम एरवी परागकण आणि वारा करतात, ते येथे दर वसंतात निवडणाऱ्या हाताला करावे लागते. तो हात आळसावला की जात बदलत नाही, पण बिघडते. आणि लोक म्हणू लागतात, सेलम थकली.

हेही खरे की नुसत्या सेलमवर साऱ्या जिल्ह्याचा भार टाकणे शहाणपणाचे नाही. दुसरी जात हाताशी असावी, आणि ती संकट आल्यावर शोधून मिळत नाही. हिशोब करून पाहा. हेक्टरी पंचवीस क्विंटल बेणे लागते आणि ओले उत्पन्न येते पावणेचारशे क्विंटल, म्हणजे एकाचे पंधरा. पन्नास ग्रॅमचा एक गड्डा लावला तर पहिल्या साली पाऊण किलो, दुसऱ्या साली सव्वाअकरा किलो, तिसऱ्या साली पावणेदोन क्विंटलच्या आसपास आणि चौथ्या साली पंचवीस क्विंटल. तेव्हा कुठे पाचव्या साली एक हेक्टर लावता येईल; तेही मधल्या काळात काही नासले नाही, काही विकले नाही आणि पाहुण्याला काही दिले नाही तर! एकेका डोळ्याचे तुकडे करून ट्रेमध्ये रोपे केली तर हा काळ थोडा आखडतो. वसमतला बाळासाहेब ठाकरे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्राला राज्य शासनाने २०२२ मध्ये मान्यता दिली. २०२५ च्या जानेवारीत राष्ट्रीय हळद मंडळही निजामाबादेस सुरू झाले. अशा संस्थांकडून आमची मागणी मोठी नाही. बॉयलर आणि गोदामे मिळतीलच. आम्हांला तपासलेले, रोगमुक्त बेणे हवे, आणि मोंढ्यात कुरकुमीन मोजणारे यंत्र हवे. ज्या दिवशी टक्केवारीला भाव मिळेल, त्या दिवशी शेतकरी नवी जात आपण होऊन मागेल. त्याला परंपरेवर व्याख्यान द्यावे लागणार नाही.

आणि आमचे काय? आम्ही सेलम सोडलेली नाही. सोडण्याचे कारणही नाही. पण तीन वर्षांपूर्वी दोन वाफे वेगळे काढले. एकात 'प्रगती' आहे. ती सहा महिन्यांत तयार होते, म्हणून पाणी आटायच्या आत हाती येते. दुसऱ्यात त्या आजीची हळद आहे. तिचे नाव तिलाही माहीत नव्हते. "माज्या सासूनं दिली" एवढेच ती सांगे. हळकुंडे बारीक, मोंढ्यात कोणी विचारणार नाही. पण ज्या साली आमचे निम्मे रान नासले, त्या साली बांधापलीकडची ती हळद हिरवी होती. ते जातीमुळे की आजीच्या निवडीमुळे, हे आम्हांला अजून ठरवता आलेले नाही. म्हणून त्या वाफ्याशेजारी मुद्दाम पाणी धरणाऱ्या जमिनीत दोन ओळी सेलमच्या आणि दोन ओळी तिच्या अशा यंदा लावणार आहोत.

येथे टेबलावर दोन पुड्या ठेवल्या आहेत. तांबड्या दोऱ्याच्या पुडीत शिजवून वाळवलेली हळकुंडे आहेत, सेलमची आणि आजीची. ती मोडून पाहावीत, रंग ताडून पाहावा, वाटल्यास घरी न्यावीत. पांढऱ्या दोऱ्याच्या पुडीतले गड्डे मात्र पाहून परत द्यावेत, अशी विनंती आहे. त्यांना डोळे फुटू लागले आहेत आणि रोहिणी लागल्या की आम्हांला ते लावायचे आहेत.